दोन अहवाल, एक प्रश्न : आजाराचा खर्च कुणी करायचा?

सर जोसेफ भोर यांचा जन्म १८७८ साली नाशिकला झाला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आणि पुढे लंडनला शिकून ते सनदी सेवेत गेले. त्यांच्यापेक्षा एका वर्षाने लहान असलेले विल्यम बेव्हरिज हे इंग्रज खरे, पण तेही जन्मले हिंदुस्थानातच, बंगालमधल्या रंगपूरला. दुसरे महायुद्ध चालू असताना या दोघांकडे दोन देशांतल्या सरकारांनी जवळपास सारखेच काम सोपवले. युद्ध संपल्यावर सामान्य माणसाला काय द्यायचे, याचा आराखडा त्यांनी करायचा होता. बेव्हरिज यांचा अहवाल डिसेंबर १९४२मध्ये प्रसिद्ध झाला, भोर समितीचा १९४६मध्ये. पहिल्या अहवालातून ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा उभी राहिली. दुसरा अहवाल आपल्याकडे सामाजिक वैद्यकाच्या अभ्यासक्रमात पाठ केला जातो. असे का झाले, हे पाहायचे तर आधी थोडे मागे आणि थोडे दूर जावे लागेल.

कोणत्या देशाची आरोग्यव्यवस्था चांगली, हा प्रश्न आपण क्रमांकाने सोडवू पाहतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००० साली तसा एक प्रयत्न केला. १९१ देशांच्या त्या यादीत फ्रान्स पहिला, इटली दुसरा, ब्रिटन अठरावा, जर्मनी पंचविसावा आणि अमेरिका सदतिसावी होती. श्रीलंका शहात्तराव्या स्थानी होती, तर भारत एकशेबाराव्या. यादी गाजली, तशी तिच्यावर टीकाही कडक झाली. अनेक देशांची आकडेवारीच उपलब्ध नव्हती, तिथे अंदाज वापरले गेले होते. आयुर्मान, आरोग्यातली विषमता, रुग्णाला मिळणारी वागणूक आणि खर्चाची न्याय्य वाटणी या भिन्न गोष्टी एकाच आकड्यात घातल्या होत्या. संघटनेने पुन्हा अशी यादी काढली नाही. मला वाटते, क्रमांकापेक्षा एक साधा प्रश्न अधिक उपयोगी पडतो : माणूस आजारी पडतो त्या दिवशी पैसे कोण देते? प्रत्येक देशाने या प्रश्नाचे उत्तर इतिहासाच्या एखाद्या अडचणीच्या क्षणी दिले आणि पुढच्या पिढ्या त्या उत्तरात जगल्या.

पहिले उत्तर जर्मनीचे. १८७८ साली समाजवाद्यांवर बंदी घालणाऱ्या बिस्मार्कने पाचच वर्षांनी, १८८३मध्ये, कामगारांसाठी सक्तीच्या आजार-विम्याचा कायदा केला. त्यामागे दयेपेक्षा राजकारण अधिक होते. कामगार सरकारशी बांधला गेला, तर तो क्रांतीकडे जाणार नाही, हा हिशेब होता. वर्गणीचा दोन-तृतीयांश वाटा कामगाराचा आणि एक-तृतीयांश मालकाचा. त्या बदल्यात उपचार मोफत आणि तेरा आठवड्यांपर्यंत अर्धा पगार. त्या आजार-निधी संस्था दोन महायुद्धे, चलनाचा धुव्वा आणि देशाची फाळणी यांतून तगल्या. आज सुमारे नव्वद टक्के जर्मन त्यांच्याच वारस संस्थांचे सभासद आहेत. म्हणजे तिथे पैसे आधीच दिलेले असतात, तेही धडधाकट असताना.

ब्रिटनने आणखी पुढचे पाऊल टाकले. बेव्हरिज यांनी दारिद्र्य, रोग, अज्ञान, बकालपणा आणि बेकारी असे पाच राक्षस मोजले आणि सर्वांसाठी आरोग्यसेवा हे आपल्या योजनेचे गृहीतकच धरले. ती प्रत्यक्षात आणली वेल्समधल्या खाणकामगाराच्या मुलाने, अन्यूरिन बेव्हन यांनी. ट्रेडेगर या त्यांच्या गावात कामगारांनी वर्गणी काढून चालवलेली वैद्यकीय संस्था होती. ते प्रतिरूप त्यांच्या डोळ्यांसमोर होते. कायदा १९४६मध्ये झाला. १९४८च्या फेब्रुवारीत डॉक्टरांच्या संघटनेने मतदान घेतले, तेव्हा प्रचंड बहुमत विरोधात गेले. बेव्हन यांनी तज्ज्ञ डॉक्टरांना खासगी व्यवसायाची मुभा देऊन तडजोड केली. ५ जुलै १९४८ला अडीच हजारांहून अधिक रुग्णालये सरकारी झाली. त्या दिवशी ब्रिटनमध्ये पाव रेशनवर होता आणि देश अमेरिकेच्या कर्जावर तग धरून होता. 'आधी श्रीमंत होऊ, मग आरोग्य बघू' असे कुणी म्हटले असते, तर त्याला कारण होते.

त्याच काळात अमेरिकेने उलट वळण घेतले. युद्धात पगारवाढीवर बंधन आले, तेव्हा मालकांनी कामगार टिकवण्यासाठी आरोग्यविमा देऊ केला. पुढे त्याला करसवलत मिळाली. नोव्हेंबर १९४५मध्ये अध्यक्ष ट्रुमन यांनी राष्ट्रीय विम्याची योजना काँग्रेसपुढे ठेवली. डॉक्टरांच्या संघटनेने ती हाणून पाडली. १९६५मध्ये वृद्ध आणि गरिबांसाठी सरकारी योजना आल्या, पण मधल्यांचा विमा नोकरीलाच बांधलेला राहिला. आज अमेरिका सकल उत्पादनाच्या सुमारे सतरा टक्के रक्कम आरोग्यावर खर्च करते, ब्रिटन अकराच्या आसपास. तरी अमेरिकी माणसाचे सरासरी आयुष्य ब्रिटिश माणसापेक्षा कमी आहे. तेव्हा पैसा किती ओतला, यावरून फार काही कळत नाही.

आता भोर. ऑक्टोबर १९४३मध्ये, बंगालचा दुष्काळ चालू असताना, त्यांची समिती नेमली गेली. जॉन्स हॉपकिन्सचे वैद्यक-इतिहासकार हेन्री सिगरिस्ट, ऑक्सफर्डचे जॉन राइल यांच्यासारखे जाणकार सल्ल्यासाठी आले. समितीने मांडलेले चित्र भयाण होते. सरासरी आयुष्य सत्तावीस वर्षांच्या आत. जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी १६२ वर्षाच्या आत दगावत. सुमारे ६,३०० माणसांमागे एक डॉक्टर, ४३,००० माणसांमागे एक परिचारिका. समितीचे पहिले तत्त्व असे, की पैसे नाहीत म्हणून कुणी उपचारावाचून राहता कामा नये. प्रतिबंध आणि उपचार एकाच छताखाली असावेत. जवळच्या टप्प्यात चाळीस हजार वस्तीला एक प्राथमिक आरोग्य केंद्र, तिथे दोन डॉक्टर. दूरच्या टप्प्यात दहा ते वीस हजार वस्तीला पंच्याहत्तर खाटांचे रुग्णालय. ब्रिटिश कायदा आणि हा अहवाल एकाच वर्षाचे, आणि कल्पनेत नाशिकचा माणूस रंगपूरच्या माणसाच्या मागे नव्हता.

मागे राहिली ती अंमलबजावणी. २ ऑक्टोबर १९५२ला समुदाय विकास कार्यक्रम सुरू झाला आणि आरोग्य केंद्रे आली, पण साठ हजार ते एक लाख लोकवस्तीच्या गटाला एक या प्रमाणात. दरम्यान संघटित कामगारांसाठी प्रा. बी. पी. अदारकर यांच्या १९४४च्या अहवालावरून कर्मचारी राज्य विमा योजना आली. ती जर्मन वळणाची होती. १९५४मध्ये केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी वेगळी योजना निघाली. ज्यांचा आवाज सरकारपर्यंत पोहोचत होता, त्यांची सोय अशी वेगवेगळी होत गेली. शेतमजूर, रस्त्यावरचा विक्रेता, घरकाम करणारी बाई यांच्यासाठी आरोग्य केंद्र होते, आणि तिथे डॉक्टर नसला तर सावकार. सरकारी खर्च कित्येक दशके सकल उत्पादनाच्या एका टक्क्याच्या आसपासच रेंगाळला.

आपण गरीब होतो, हे उत्तर यावर नेहमी दिले जाते. ते तपासायला शेजारची श्रीलंका पुरेशी आहे. तिथे १९३१मध्येच, वसाहतीच्या काळात, स्त्री-पुरुष सर्वांना मताधिकार मिळाला. १९३४-३५च्या हिवतापाच्या साथीने सुमारे ऐंशी हजार माणसे नेली. त्यानंतर गावच्या मतदारांपुढे उभ्या राहणाऱ्या प्रतिनिधींना आपल्या भागात लहान का होईना, पण दवाखाना आणून दाखवावा लागला. १९५१मध्ये सरकारी रुग्णालयांतले शुल्क रद्द झाले. आज तिथला अर्भकमृत्युदर हजारी दहाच्या आत आहे, आपला पंचविसाच्या आसपास. मताचा हक्क आपल्यालाही मिळाला. मात्र आपण त्या मताच्या बदल्यात दवाखाना क्वचितच मागितला.

यातली कोणतीही व्यवस्था निर्दोष नाही. बेव्हन यांनी १९५१मध्ये राजीनामा दिला, तो कवळ्या आणि चष्म्यांवर शुल्क लावल्यामुळे. आज इंग्लंडमध्ये उपचारांची प्रतीक्षायादी सत्तर लाखांच्या वर गेली आहे. श्रीलंकेत २०२२च्या आर्थिक संकटात साधी औषधे मिळेनाशी झाली. पण तिथला रुग्ण रांगेत थांबतो, तेव्हा शेत विकण्याचा विचार करत नसतो. तुलनेत मला हा फरक सर्वांत मोठा वाटतो.

आपल्याकडेही चित्र हलते आहे. राष्ट्रीय आरोग्य लेखा सांगतो, की एकूण आरोग्यखर्चातला लोकांच्या खिशातून थेट जाणारा वाटा २०१३-१४मध्ये ६४ टक्के होता, तो २०२१-२२मध्ये ३९ टक्क्यांवर आला. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केस पेपरचेही पैसे घेतले जात नाहीत. भोर अहवालातले पहिले तत्त्व सत्त्याहत्तर वर्षांनी एका खिडकीवर उतरले. मात्र खिडकीच्या आत डॉक्टर, परिचारिका आणि औषध असले, तरच त्या माफीला अर्थ. २०१७च्या राष्ट्रीय धोरणाने सरकारी खर्च २०२५पर्यंत अडीच टक्क्यांवर नेण्याचे ठरवले होते. २०२१-२२मध्ये तो १.८४ टक्के होता.

रात्री अपघात विभागाबाहेर उभ्या असलेल्या नातेवाइकाला 'आधी डिपॉझिट भरा' असे सांगितले जाते, तेव्हा त्याला बिस्मार्क, बेव्हन, ट्रुमन ठाऊक नसतात. पण त्याला मिळणारे उत्तर त्या त्या देशात फार पूर्वी ठरलेले असते. आपल्याकडे ते १९४६मध्ये लिहून तयार होते, आणि लिहिणारा नाशिकचा होता.