क्लच सुटत का नाही?

गारखेडा परिसरात राहणाऱ्या आमच्या एका शिक्षक मित्राची जुनी छोटी गाडी चढावर दम टाकू लागली. इंजिन ओरडे, पण गाडी पुढे सरकेना. क्लच प्लेट झिजली होती. जवळच्या गॅरेजमध्ये नवी प्लेट बसवली आणि उलटाच प्रकार सुरू झाला. आधी क्लच घसरत होता, आता तो सुटेना. पॅडल पूर्ण दाबले तरी पहिला गिअर पडत नव्हता. रिव्हर्स टाकताना तर दातांचा खरखराट होई.

‘माल खराब निघाला’ असे ठरले. दुसरी प्लेट आणली, गिअरबॉक्स पुन्हा उतरवला, पुन्हा चढवला. दोष तसाच. मग काम करणाऱ्या मुलावर ठपका आला. नुकताच दहावी होऊन कामाला लागलेला पोरगा. दोन्ही प्लेटचे पैसे त्याच्या पगारातून कापण्याची भाषा सुरू झाली.

नवा, योग्य मापाचा भाग बसवूनही यंत्र का चालू नये? या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्हाला क्लचच्या इतिहासात शिरावे लागले.

क्लचची कामे दोन. इंजिनाची फिरक गिअरबॉक्सकडे न घसरता पोचवणे हे पहिले, आणि हवे तेव्हा ती पूर्ण तोडणे हे दुसरे. पहिल्यासाठी घट्ट पकड हवी, दुसऱ्यासाठी स्वच्छ सुटका. एक वाढवायला गेले की दुसरी बिघडते. शंभराहून अधिक वर्षांचा क्लचचा इतिहास म्हणजे या दोघींमधली ओढाताण आहे.

याचे सर्वांत सोपे रूप आपल्यापैकी अनेकांनी गावच्या पिठाच्या गिरणीत पाहिले असेल. ऑइल इंजिन चालूच असते. पट्टा मोकळ्या पुलीवर असेपर्यंत जाते थांबलेले असते. तो शेजारच्या पक्क्या पुलीवर सरकवला की दळण सुरू. कार्ल बेंझने 1886 मध्ये पेटंट घेतलेल्या तीनचाकी गाडीतही हीच युक्ती होती. पट्टा मोकळ्या पुलीवरून पक्क्या पुलीवर सरकवला की गाडी निघे.

इंजिने जोरदार झाली तसा पट्टा अपुरा पडू लागला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शंकूचा क्लच रूढ झाला. फ्लायव्हीलमध्ये शंकूच्या आकाराची खोलगट जागा आणि तिच्यात घुसणारा, कातडे लावलेला दुसरा शंकू. पाचरीसारखा रुतल्यामुळे पकड उत्तम. पण पाचर रुतते तशी अडकतेही. कातडे कोरडे पडले की क्लच हिसका देऊन पकडे, म्हणून त्याला तेल चोळावे लागे. तेल जास्त झाले की तो घसरे, म्हणून वर मुलतानी मातीसारखी भुकटी टाकावी लागे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमधील अभियंते हेन्री हेले-शॉ यांनी वेगळी वाट काढली. द्रवांच्या प्रवाहावरील प्रयोगांसाठी प्रसिद्ध असलेल्या या संशोधकाने अनेक पातळ चकत्या तेलात बुडवून एकाआड एक बसवल्या. घर्षणाच्या जागा वाढल्यामुळे पकड हळुवार आणि भक्कम झाली. पण गारठ्यात तेल घट्ट होई आणि चकत्या एकमेकींना चिकटून फिरत राहात. पुन्हा तोच दोष: क्लच सुटेना!

शेवटी टिकली ती एकच कोरडी चकती. फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट यांच्यामध्ये ती दाबून धरली जाते. 1920 च्या दशकात ती सर्वत्र पसरली, कारण तोवर उष्णता सोसणारे अस्तर मिळाले होते. इंग्लंडच्या डर्बीशायरमध्ये उतारावर गाडीवान चाकाला जुना बूट दाबून गाडी आवरताना हर्बर्ट फ्रूड यांनी पाहिले, आणि 1897 मध्ये घर्षणाच्या अस्तरांचा उद्योग सुरू केला. आधी सुती विणीचे असलेले हे अस्तर पुढे ॲस्बेस्टॉसचे झाले.

या सोयीची किंमत माणसांनी मोजली. रॉचडेल येथे ॲस्बेस्टॉसचे धागे कातणारी नेली केरशॉ 1924 मध्ये वारली. तिच्या फुप्फुसांत या खनिजाचे कण सापडले. ब्रिटनमध्ये धुळीविरुद्ध नियम झाले ते 1931 मध्ये. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने ॲस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याचा हक्क 1995 मध्ये अधोरेखित केला. जुन्या क्लचची धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवणे म्हणूनच धोक्याचे. ओल्या फडक्याने ती पुसावी.

आता सुटकेचा हिशेब पाहू. 1930 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत बशीच्या आकाराची एकच स्प्रिंग क्लचमध्ये आली आणि 1960 नंतर ती युरोपातही रूढ झाली. तिच्या मधल्या पाकळ्या रिलीज बेअरिंगने दाबल्या की कडेकडून प्रेशर प्लेट मागे सरते. ही तरफच आहे. पॅडल दहा-पंधरा सेंटिमीटर खाली जाते, तेव्हा प्रेशर प्लेट जेमतेम दीड-दोन मिलिमीटर सरकते. ही जागा चकतीच्या दोन बाजूंत वाटली, की प्रत्येकीच्या वाट्याला वहीची आठ-दहा पाने एकत्र दाबल्यावर होते तेवढीच फट येते. एवढ्याशा फटीवर सारी सुटका अवलंबून!

म्हणून नवा क्लच न सुटण्याची कारणे बहुधा बारीक असतात. केबल ढिली राहिली किंवा तिचे आवरण दबले, की पॅडलची हालचाल वाटेतच संपते. द्रवावर चालणाऱ्या क्लचमध्ये हवेचा बुडबुडा राहिला तर तोच दबतो, कारण द्रव दबत नाही पण हवा दबते. शाफ्टच्या खाचांवर गंज असेल तर चकती सरकत नाही. गिअरबॉक्स चढवताना त्याचे वजन चकतीवर लोंबकळले तर ती वाकते. आणि चकती उलटी बसली तर तिचा फुगीर मधला भाग फ्लायव्हीलच्या बोल्टना टेकतो.

यातून तपासाचा क्रमही ठरतो. आधी केबल, पॅडलची मोकळी हालचाल आणि द्रव पाहायचा. मग क्लचचा दांडा प्रत्यक्षात किती सरकतो ते मोजायचे. तो पुरेसा सरकत असेल तरच गिअरबॉक्स उतरवायचा.

गारखेड्यात केबल ठीक होती, दांडाही पुरेसा सरकत होता. तिसऱ्यांदा गिअरबॉक्स उतरवल्यावर आम्ही नवी प्लेट हातात घेतली. तिच्या फुगीर भागावर चकचकीत ओरखड्यांचे गोल कडे उमटले होते. पहिली प्लेट कोपऱ्यात पडली होती. तिच्यावरही तसेच कडे. दोन्ही प्लेट निर्दोष होत्या, फक्त उलट्या बसल्या होत्या. जुनी प्लेट कोणत्या तोंडाने बसली होती, हे ती काढताना कुणीच पाहिले नव्हते. मुलाला ते कुणी शिकवलेही नव्हते. पहिलीच प्लेट सुलटी बसवली आणि गिअर अलगद पडला. दुसरी दुकानदाराने परत घेतली नाही. तिचे पैसे मित्राने आणि गॅरेजमालकाने निम्मे-निम्मे सोसले. मुलाचा पगार वाचला.

वर्गात हे करून पाहा. एखादे जुने घड्याळ किंवा सायकलचे हब मुलांना खोलायला द्या; पण प्रत्येक भाग काढण्याआधी त्याचे चित्र काढायला सांगा. कोणती बाजू आत, कोणती बाहेर, हे लिहायला सांगा. पुन्हा जोडताना चूक झाली तर मुले एकमेकांकडे बोट दाखवण्याआधी आपली वही उघडतील.