तळटीप : पेशीपटलातून आत येणारे द्रव व पोषक कण

* लेखकाने येथे ‘पेशी अन्न शोषून घेते’ एवढेच म्हटले आहे. थोडी भर आवश्यक वाटते. ग्लुकोजसारखे लहान रेणू पेशीपटलातील वाहक प्रथिनांमार्फत आत जातात. मोठ्या रेणूंना ती वाट पुरत नाही. त्यांच्यासाठी पटलच हालचाल करते. १९३१ मध्ये वॉरन लुइस यांनी जिवंत पेशींच्या चित्रफितींत पटलाच्या घड्या उठून भोवतालच्या द्रवाचे थेंब आत बंद करताना पाहिल्या. हे ग्रहण सरसकट असते. निवडक ग्रहण याहून विलक्षण! रक्तातले कोलेस्टेरॉल वाहणारे एलडीएल कण पटलावरच्या ठरावीक ग्राहींना चिकटतात. क्लॅथ्रिन या प्रथिनाचे अस्तर असलेल्या खळग्यांत हे ग्राही जमतात, खळगा खोल होत जातो आणि त्याची सुटी पुटिका होऊन पेशीत उतरते. मायकेल ब्राउन व जोसेफ गोल्डस्टाइन यांनी कोलेस्टेरॉलच्या नियमनाचा हा मार्ग उलगडला; त्यासाठी त्यांना १९८५ चे नोबेल मिळाले. त्यांच्या अभ्यासातला एक रुग्ण मुद्दाम नोंदवण्याजोगा आहे. त्याच्या पेशींवरचे ग्राही कणांना व्यवस्थित धरत, पण खळग्यांत जमतच नसत. त्यामुळे कण पेशीच्या दारातच अडकत आणि कोलेस्टेरॉल रक्तात साचत राही. — संपादक