संघ कुणाचा?

पावसला कबड्डीचे सामने ठरले की पोरं पावतीपुस्तक घेऊन घरोघर फिरतात. कुणी पन्नास देतो, कुणी पाचशे. संघ कुणाचा, हा प्रश्नच पडत नाही. व्यावसायिक खेळात मात्र सगळं या प्रश्नापाशी येऊन अडतं.

अमेरिकेतली 'कॉन्टिनेंटल बास्केटबॉल असोसिएशन' ही १९४६पासूनची दुय्यम लीग. तिच्यातले संघ छोट्या शहरांचे, त्यांचे मालकही वेगवेगळे. १९९९ साली नामवंत खेळाडू आयझेया थॉमस यांनी अख्खी लीग सुमारे एक कोटी डॉलरना विकत घेतली. पुढच्याच वर्षी ते मुख्य लीगमधल्या, म्हणजे एनबीएतल्या, इंडियाना पेसर्सचे प्रशिक्षक झाले. नियमाने दोन्हीकडे राहता येईना, आणि लीगला गिऱ्हाईक मिळेना. फेब्रुवारी २००१मध्ये ऐन हंगामात खेळ थांबला. पन्नासहून अधिक वर्षं टिकलेली लीग एका मालकाच्या हाती दोन वर्षंही तगली नाही.

आपल्याकडे २०१५मध्ये 'यूबीए' ही बास्केटबॉल लीग आली. पुणे पेशवाज, मुंबई चॅलेंजर्स ही नावं कानावर पडली. राष्ट्रीय महासंघाची मान्यता तिला नव्हती. २०१७नंतर तीही थंडावली. पुण्याच्या फुटबॉलची कथा वेगळी नाही. उद्योगसमूहाचा पुणे एफसी २०१५मध्ये मिटला. एफसी पुणे सिटी २०१९मध्ये आर्थिक अडचणीत बंद झाला आणि त्याची जागा हैदराबादला गेली. पुण्याचं नाव तेवढं मागे राहिलं.

वर्गणीच्या संघाला एका घरी नकार मिळाला, तर पोरं पुढचं दार वाजवतात. या संघांना वाजवायला दारच एक होतं.