भूपट्टांची गती
भूपट्टांची गती : पृथ्वीच्या शिलावरणाचे ताठर पट्ट दरवर्षी काही सेंमी. सरकतात. त्यासाठीची ऊर्जा पृथ्वीच्या निर्मितीवेळची शिल्लक उष्णता आणि युरेनियम, थोरियम, पोटॅशियम यांचा किरणोत्सारी क्षय यांतून मिळते. शिलावरणाखालील, घन असूनही अतिशय सावकाश वाहणाऱ्या प्रावरणातील अभिसरण प्रवाह खंडे वाहून नेतात, अशी कल्पना भूवैज्ञानिक आर्थर होम्स यांनी १९२८ च्या सुमारास मांडली. आता मुख्य प्रेरक बल गुरुत्वाकर्षणाचे मानतात. मध्य-महासागरी पर्वतरांगेपाशी तयार झालेला सागरी पट्ट दूर जाताना थंड व जड होतो. सागरी खंदकापाशी प्रावरणात बुडताना तो मागचा भाग ओढतो. उंच पर्वतरांगेवरून होणारा रेटा त्यामानाने कमी असतो. म्हणूनच खंदकांनी बऱ्याच अंशी वेढलेला पॅसिफिक पट्ट वेगवान, तर कडांना खंदक कमी असलेला आफ्रिकी पट्ट संथ आहे.