मोकळी टाच : टेलेमार्क बाइंडिंगच्या निवडीचा इतिहास

प्रस्तावना :

तंत्रज्ञानाचा इतिहास बहुधा मोठ्या यंत्रांच्या आधारे लिहिला जातो. वाफेचे इंजिन, यंत्रमाग, तारायंत्र यांनी समाजजीवन पालटले, हे निर्विवाद आहे. परंतु माणसाच्या शरीराला थेट जोडल्या जाणाऱ्या लहान साधनांचा इतिहासही तितकाच उद्‌बोधक ठरतो. बर्फावरून घसरत जाण्याच्या लांब पट्टीला, म्हणजे स्कीला, पायातील बूट जखडणारे ‘बाइंडिंग’ हे असेच एक साधन होय. यांत्रिक पाळण्यांची सोय नसलेल्या डोंगरांत भटकणाऱ्यास चढण स्वतःच्या पायांनीच चढावी लागते. चढताना टाच उचलली गेली पाहिजे आणि उतरताना स्की पायाच्या ताब्यात राहिली पाहिजे. या दोन गरजा परस्परविरोधी आहेत. त्यांचा मेळ घालण्याचे जे प्रयत्न झाले, त्यांतून आजच्या टेलेमार्क बाइंडिंगचे निरनिराळे प्रकार घडले. त्यांची ऐतिहासिक संगती तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

मोर्गेडालची परंपरा :

नॉर्वेच्या टेलेमार्क प्रांतातील मोर्गेडाल या खेड्यात १८२५ साली सोंड्रे नॉरहाइम यांचा जन्म झाला. ते एका गरीब कुळाच्या घरचे. त्या काळी सर्वसाधारण स्कीला केवळ बोटांवरून जाणारा चामडी पट्टा असे. सपाटीवर चालण्यास तो पुरेसा होता. पण वळताना किंवा उडी घेताना स्की पायातून निसटे. नॉरहाइम यांनी ओल्या फांद्या व मुळे पिळून केलेला बंध टाचेमागून घेतला. त्यामुळे टाच उचलता येई आणि तरीही स्की पायाला धरून राही. १८६८ मध्ये क्रिस्तियानिया (आजचे ऑस्लो) येथील स्पर्धेत, वयाच्या ४२व्या वर्षी, त्यांनी पहिले पारितोषिक मिळवले. एक पाय पुढे, दोन्ही गुडघे वाकलेले आणि मागील पायाची टाच उचललेली, अशा पवित्र्यातील वळणाला पुढे ‘टेलेमार्क’ हे नाव रूढ झाले.

नॉरहाइम यांना या बंधाचे एकमेव जनक म्हणण्याचा प्रघात आहे. तो जपूनच स्वीकारावा लागतो. टाचेमागून घेतलेले बंध त्या परिसरात आधीही ज्ञात होते. नॉरहाइम यांचे श्रेय त्यांचा कौशल्यपूर्ण वापर आणि प्रसार यांत अधिक आहे. ज्यांच्या नावावर पुढे एक क्रीडापरंपरा उभी राहिली, ते स्वतः १८८४ मध्ये उपजीविकेसाठी अमेरिकेस गेले आणि १८९७ मध्ये नॉर्थ डकोटात निवर्तले. १९५२ च्या ऑस्लो हिवाळी ऑलिंपिकची ज्योत मात्र मोर्गेडाल येथील त्यांच्याच जुन्या घराच्या चुलीत प्रज्वलित करण्यात आली. राष्ट्राची स्मृती कोणाला केव्हा आठवते, याचे हे बोलके उदाहरण होय.

लोखंड, तार आणि टाचेचा प्रश्न :

१८८८ मध्ये फ्रित्यॉफ नान्सेन यांनी स्कीवरून ग्रीनलंड ओलांडले. त्यांच्या प्रवासवर्णनामुळे मध्य युरोपात स्कीविषयी कुतूहल वाढले. आल्प्सचे उतार नॉर्वेपेक्षा तीव्र असल्याने तेथे ओल्या फांद्यांचा बंध अपुरा ठरला. १८९४ च्या सुमारास फ्रिट्झ ह्युटफेल्ट यांनी बुटाच्या पुढील भागास दोन्ही बाजूंनी आवळणारे लोखंडी कान स्कीत बसवले. ऑस्ट्रियातील मथियास झ्दार्स्की यांनी तीव्र उतारांसाठी पोलादी तळाचे बाइंडिंग आणि स्वतंत्र स्कीतंत्र पुरस्कारले. नॉर्वेजियन व आल्पाइन पद्धतींच्या समर्थकांत यावरून तीव्र वाद झाला.

पुढे दोन प्रवाह स्पष्ट झाले. १९२७ मध्ये नॉर्वेच्या ब्रोर वित यांनी ‘रॉटेफेला’, म्हणजे उंदराचा सापळा, हे बाइंडिंग सिद्ध केले. बुटाच्या तळाला पुढे तीन छिद्रे, स्कीवर तीन खिळे आणि वरून दाबणारी चाप अशी त्याची रचना होती. टाच पूर्णपणे मोकळी राही. दुसरीकडे स्वित्झर्लंडमध्ये ‘कंदाहार’ हे तारेचे बाइंडिंग पुढे आले. त्याची तार बाजूच्या आकड्यांत अडकवली की उतारावर टाच खाली दाबून ठेवता येई. आकड्यांतून काढली की ती उचलता येई.

‘कंदाहार’ या नावामागे हिंदुस्थानच्या लष्करी इतिहासाचा धागा आहे. १८८० च्या जुलैत मैवंद येथे मुंबई फौजेच्या पलटणींसह ब्रिटिश सैन्याचा पराभव झाला. त्यानंतर लॉर्ड रॉबर्ट्स यांनी काबूलहून कंदाहारवर कूच केले. त्यांच्या नावाचा चषक १९११ पासून आल्प्समधील स्की-शर्यतीस दिला जाऊ लागला. शर्यतीवरून मंडळास आणि पुढे बाइंडिंगला ते नाव मिळाले.

पुनरुज्जीवन आणि निवडीचे निकष :

आल्पाइन स्कीने टाच कायमची जखडली आणि टेलेमार्क वळण जवळजवळ विस्मृतीत गेले. १९७० च्या दशकात अमेरिकेतील कोलोराडोत त्याचे पुनरुज्जीवन झाले. आरंभी चामडी बूट व तीन खिळ्यांचे बाइंडिंग वापरले जाई. हे हलके आणि दुरुस्तीस सोपे असले, तरी बुटाची छिद्रे झिजून फाटत. म्हणून तारेचा आधार आला. १९९० च्या दशकात प्लास्टिकचे ताठ बूट आल्यावर तारेच्या स्प्रिंगा अधिकाधिक ताकदीच्या झाल्या. उतारावरील ताबा वाढला. पण चढताना प्रत्येक पावलाला तीच स्प्रिंग विरोध करू लागली. यावर उपाय म्हणून चढणीसाठी बूट मुक्तपणे फिरू देणारी बिजागरी आली. २००७ मध्ये रॉटेफेलाने ‘न्यू टेलेमार्क नॉर्म’ आणली. तिच्यात पुढील रुंद ओठ वगळून बुटाच्या मध्यतळाशी पकड घेतली जाते. पुढे ऑस्ट्रियाच्या फ्रिट्झ बार्थेल यांच्या खुंट्यांच्या अग्रपकडीशी टेलेमार्कची स्प्रिंग जोडण्याचेही प्रयोग झाले.

यावरून भटकंतीसाठी बाइंडिंग निवडताना चार प्रश्न महत्त्वाचे ठरतात : चढणीचे प्रमाण किती, बूट कोणत्या मापाचा, दूरच्या मुक्कामी मोडतोड दुरुस्त होईल काय, आणि पडल्यास बूट सुटेल काय. शेवटचा प्रश्न सर्वांत गंभीर आहे. पारंपरिक टेलेमार्क बाइंडिंगपैकी बहुतेकांत बूट आपोआप सुटण्याची सोय नव्हती. हिमप्रपातात पायाला अडकलेली स्की नांगरासारखी माणसाला खाली खेचते. मोकळ्या टाचेमुळे गुडघा सुरक्षित राहतो, हा समज म्हणूनच अपुरा आहे.

समारोप :

या इतिहासात एका साधनाने दुसऱ्याला सरळ मागे टाकले, असे दिसत नाही. तीन खिळ्यांचे बाइंडिंग नव्या मानकानंतरही वापरात राहिले, कारण लांब, सौम्य पल्ल्यावर त्याचा हलकेपणा आणि साधेपणा उपयोगी पडतो. उतारावरील ताब्यात झालेल्या वाढीची किंमत चढणीवर द्यावी लागली आणि ती चुकवण्यासाठी पुन्हा नवी युक्ती शोधावी लागली. ‘परंपरा’ म्हणून आज ओळखले जाणारे टेलेमार्कही बहुतांशी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील पुनर्रचना आहे. नॉरहाइम यांच्यापुढे असलेला प्रश्न मात्र तोच राहिला : पाय किती मोकळा ठेवावा आणि किती बांधावा. त्याचे उत्तर साधनापेक्षा डोंगराच्या स्वरूपावर आणि चालणाऱ्याच्या गरजेवर अवलंबून असते, हे या विवेचनातून स्पष्ट होते.