डेल्सफर्ड

डेल्सफर्ड : इंग्लंडमधील ग्लॉस्टरशर काउंटीतील लहानसे खेडे व त्याला लागून असलेली प्रसिद्ध जमीनदारी. स्टो-ऑन-द-वोल्ड या गावाच्या पूर्वेस, ऑक्सफर्डशरच्या हद्दीजवळ. चारी बाजूंनी इतर काउंट्यांनी वेढलेले हे गाव 1931 पर्यंत वूस्टरशरचे गणले जाई, त्यामुळे त्याचे जुने वर्णन वूस्टरशरच्या इतिहासग्रंथांत शोधावे लागते.

येथील मॅनर, म्हणजे जमीन व तिच्यावरचे धनीपण, मध्ययुगापासून हेस्टिंग्ज घराण्याकडे होते. आपल्याकडे वतनाच्या तक्षिमा (वाटण्या) पडत. इंग्लिश रिवाजात बहुधा थोरला मुलगा सारे घेई आणि इस्टेट अखंड राही. पण कर्जापुढे हा रिवाजही टिकत नसे. सतराव्या शतकातील यादवी युद्धात हेस्टिंग्ज राजाच्या बाजूने उभे राहिले आणि खंक झाले. 1715 मध्ये इस्टेट जेकब नाइट या व्यापाऱ्याला विकली गेली; घराण्याकडे उरली ती गावच्या चर्चची धर्मगुरूपदाची जागा. त्या पदावरील पेनिस्टन हेस्टिंग्जचा नातू वॉरन (1732–1818) हा पुढे बंगालचा गव्हर्नर-जनरल झाला. वडिलोपार्जित जमीन परत मिळवायची, हे आपण सात वर्षांचे असतानाच ठरवले होते, असे तो सांगत असे.

मराठी वाचकाला हा हेस्टिंग्ज पहिल्या इंग्रज-मराठा युद्धामुळे परिचित आहे. वडगावचा तह (1779) त्याने मानला नाही. सालबाईचा तह (1782) त्याच्याच कारकिर्दीत झाला. 1818 मध्ये पेशवाई बुडाली तेव्हाचा गव्हर्नर-जनरल मार्क्विस ऑफ हेस्टिंग्ज मात्र वेगळा. दोघांची गल्लत वारंवार होते.

वॉरनने 1788 मध्ये डेल्सफर्ड विकत घेतले, आणि त्याच वर्षी पार्लमेंटपुढे त्याच्यावरील महाभियोग सुरू झाला. 1795 मध्ये तो निर्दोष सुटेपर्यंत खर्चाने त्याचे कंबरडे मोडले होते. ईस्ट इंडिया कंपनीने दिलेल्या वार्षिक 4,000 पौंडांच्या तनख्यावर व कर्जावर त्याला ही इस्टेट राखता आली. वास्तुविशारद सॅम्युअल पेपिस कॉकरेल याने बांधलेला वाडा बाहेरून संयमित अभिजात शैलीचा आहे. पश्चिमेकडचा बसका घुमट तेवढा हिंदुस्थानाची आठवण देतो. आत मात्र हौस मोकळी सुटलेली दिसते. शिल्पकार टॉमस बँक्सच्या संगमरवरी शेकोटीला भारतीय स्त्रियांच्या मूर्तींचा आधार आहे. हेस्टिंग्जने भूतानकडून आलेला याकही पाळला होता. जॉर्ज स्टब्सने काढलेले त्या याकचे चित्र प्रसिद्ध आहे.

एवढ्या आटापिट्याने परत आणलेली जमीन घराण्यात राहिली नाही. वॉरनला औरस वारस उरला नव्हता. पत्नी मेरियनच्या पहिल्या विवाहापासून झालेला मुलगा चार्ल्स इमहॉफ याच्याकडे इस्टेट गेली आणि 1853 मध्ये तो वारल्यावर वाड्यातील सामानाचा लिलाव झाला. नवा मालक हार्मन ग्रिझवुड याने हेस्टिंग्जने 1816 मध्ये बांधवलेले चर्च पाडून जे. एल. पिअर्सनकडून नवे उभारले. विसाव्या शतकात वृत्तपत्रमालक लॉर्ड रॉदरमिअर व कलासंग्राहक बॅरन थिसेन-बोर्नेमिसा येथे मालक म्हणून येऊन गेले. 1988 पासून मालकी जेसीबी कंपनीच्या अँथनी बॅमफर्ड यांच्या कुटुंबाकडे आहे. या कंपनीचा एक कारखाना पुणे जिल्ह्यात आहे आणि तिची पिवळी यंत्रे महाराष्ट्रात विहीर खणण्यापासून मिरवणुकीवर गुलाल उधळण्यापर्यंत राबतात. ज्या काळी ज्या धंद्यात पैसा, त्या धंद्यातला मालक डेल्सफर्डला मिळत गेला. तीनशे वर्षांत रक्ताचा वारसा येथे अपवादानेच चालला.

वाडा खासगी असून लोकांसाठी खुला नाही. इस्टेटीवरचे सेंद्रिय शेतमालाचे दुकान मात्र खुले आहे, आणि हेस्टिंग्जची समाधी चर्चच्या आवारात पाहता येते. जवळचे रेल्वेस्थानक किंगम.