इतिवृत्त आधीच तयार होतं

२० जून १५९९ रोजी कोचीजवळच्या उदयंपेरूरला एक धर्मसभा सुरू झाली. तिला १५३ कत्तनार, म्हणजे तिथले धर्मगुरू, आणि ६६० प्रापंचिक हजर होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये रोमच्या सिनडची, म्हणजे जागतिक धर्मसभेची, सांगता झाली, तेव्हा मतदानाचा हक्क साडेतीनशेच्या वर काही जणांना होता आणि त्यांतले बहुसंख्य बिशपच. नुसती डोकी मोजायची तर सव्वाचारशे वर्षांपूर्वीचं केरळ आजच्या व्हॅटिकनच्या पुढे होतं. तरीही केरळातल्या संत तोमाच्या ख्रिस्ती लोकांत त्या सभेचं नाव निघालं की चेहरे आंबट होतात.

मी वसईची. आमच्या धर्मग्रामाच्या पॅरिश कौन्सिलची चिटणीस म्हणून बरीच वर्षं इतिवृत्तं लिहिली. त्या सवयीमुळे कुठल्याही सभेबद्दल वाचताना भाषणांकडे माझं लक्ष जात नाही. मसुदा कोणी केला, कधी केला आणि सह्या कशा मिळवल्या, एवढंच मी शोधते.

उदयंपेरूरचा मसुदा गोव्याचे आर्चबिशप आलेइशु द मेनेझिश यांचा. ऑगस्टिनियन संघाचे हे गृहस्थ १५९५ मध्ये गोव्याला आले. १५९७ मध्ये अंगमालीला मार अब्राहम वारले. बाबिलोनच्या कुलगुरूंकडून, म्हणजे मेसोपोटेमियातल्या चर्चच्या प्रमुखांकडून, आलेले ते शेवटचे बिशप. त्यांच्यामागे समाजाची सूत्रं अर्कदियाकोन, म्हणजे कारभार पाहणारे स्थानिक प्रमुख धर्मगुरू, गीवर्गीस यांच्या हाती होती. १५९९ च्या सुरुवातीला मेनेझिश मलबारात उतरले आणि एकेका चर्चला भेट देत फिरले. त्या फिरतीत त्यांनी जवळजवळ शंभर तरुणांना गुरुदीक्षा दिली. सभेआधी शंभर नवे कत्तनार म्हणजे शंभर हक्काची माणसं, हे कोणाही चिटणिसाला कळेल. कोचीच्या राजाकडूनही त्यांनी दबाव आणवला. ठराव पोर्तुगीजमध्ये लिहून मल्याळममध्ये उतरवून झाले होते. लोक जमले ते ऐकायला आणि सही करायला.

सभा सात दिवसांत आटोपली. ठराव दोनशेहून जास्त, म्हणजे दिवसाला तीसएक! आमच्या कौन्सिलला फेस्ताच्या मांडवाचा एक ठराव संमत करायला दोन बैठका लागतात. सिरियाक पोथ्या दुरुस्त कराव्यात नाहीतर जाळाव्यात, बाबिलोनच्या कुलगुरूंशी नातं तोडावं, लग्न झालेल्या कत्तनारांनी बायकांपासून वेगळं व्हावं. सगळंच वाईट होतं असं नाही. खालच्या मानलेल्या जातीचा स्पर्श झाला की अंघोळ करायची, या रूढीला सभेने अंधश्रद्धा ठरवलं. पण उरलेली मल्याळम प्रत आणि नंतर छापलेली पोर्तुगीज प्रत यांतले ठराव सगळे जुळत नाहीत. आमच्याकडे असं झालं असतं तर पुढच्या बैठकीत माझी धडगत नव्हती.

मला जास्त खुपतं ते वेगळंच. जमलेल्या लोकांना सभा ही गोष्ट शिकवावी लागली नव्हती. त्यांच्याकडे पळ्ळियोगम होतं. चर्चचे कत्तनार आणि घरोघरचे कर्ते पुरुष एकत्र बसत. देवळाचा पैसा, जमिनी, तंटे, कोणाला दंड आणि कोणाला बहिष्कार, सगळं तिथे ठरे. एखाद्या मुलाला धर्मगुरू व्हायचं असेल तर योगमची लेखी संमती, देशक्कुरी, लागायची. ज्या माणसाच्या हातून आयुष्यभर मिस्सा ऐकायची तो माणूस गावाने पारखून घेतलेला असे. अनेक चर्चचा प्रश्न असेल तर मोठं योगम आणि साऱ्या समाजाचा असेल तर महायोगम. बिशप मेसोपोटेमियाहून येत, मल्याळम त्यांना बेताचीच. दीक्षा आणि आशीर्वाद त्यांचे, कारभार अर्कदियाकोन आणि योगमचा. मेनेझिशना हे नेमकं समजलं होतं. महायोगमला यायची लोकांची सवय त्यांनी वापरली आणि आत योगममधलं काहीच ठेवलं नाही.

गोव्यात तर प्रांतिक धर्मसभा १५६७ पासून भरत होत्या, उदयंपेरूरच्या आधी चार झाल्या. वसई गोव्याच्याच अखत्यारीत, त्यामुळे त्यांचे ठराव आमच्या पूर्वजांनाही लागू होते. त्यांना विचारलं कोणी नाही. मात्र मोडायला आमच्याकडे योगमसारखं काही नव्हतंच. धर्म आणि कायदा एकाच गलबतातून उतरले.

केरळने विसरायचं नाकारलं. ३ जानेवारी १६५३ रोजी मट्टनचेरीला लोकांनी पोर्तुगीज धर्मसत्तेची आज्ञा पाळणार नाही अशी कुनन क्रूसाची शपथ घेतली आणि समाज दुभंगला. रोमबरोबर राहिलेल्यांनीही योगम सोडलं नाही. त्यांचे आर्चबिशप करियाट्टिल लिस्बनहून परतताना १७८६ मध्ये गोव्यात वारले. त्यानंतर १ फेब्रुवारी १७८७ रोजी अंगमालीत ८४ चर्चचे प्रतिनिधी जमले आणि आपल्यातलाच बिशप हवा अशी लेखी मागणी त्यांनी केली. १९५८ मध्ये योनास तालियाथ या केरळी धर्मगुरूंचा प्रबंध रोममध्ये प्रसिद्ध झाला. उदयंपेरूरची सभा कायद्याने वैधच नव्हती, असं त्यांनी त्यात मांडलं.

योगमचं गुणगान करताना एक गोष्ट मात्र दडवता येत नाही. तिथे बाई नव्हती. उदयंपेरूरलाही नव्हती. कत्तनारांच्या बायकांचे संसार मोडायचा निर्णय झाला तेव्हा त्यांतली एकही समोर बसलेली नव्हती.

पोप फ्रान्सिस यांनी २०२१ मध्ये सुरू केलेल्या सिनडमध्ये २०२३ मध्ये बायकांनी पहिल्यांदा मत दिलं. शेवटच्या दस्तऐवजाचे परिच्छेद १५५. प्रत्येकावर वेगळं मतदान झालं आणि बाजूची-विरोधी मतं छापली गेली. बायकांना दीक्षाधारी सेवक होता यावं का, हा प्रश्न खुला ठेवणाऱ्या साठाव्या परिच्छेदाला सर्वांत जास्त विरोध झाला: ९७ मतं. बाजूने २५८.

हाच दस्तऐवज म्हणतो की धर्मग्रामांत कौन्सिल सक्तीची करावी आणि बिशपांनी सल्ल्याकडे काणाडोळा करू नये. शेवटचा शब्द तरीही त्यांचाच. १९८३ च्या कॅनन कायद्याच्या कलम ५३६ नुसार आमच्या कौन्सिलचं मत आजही केवळ सल्ला आहे. देशक्कुरी देणाऱ्या योगमच्या मानाने हे कमीच.